मधली चार रिकामी भोकं

पुणे
२६ मे २००८

ती. काकांस दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. आंब्याच्या दोन्ही पेट्याही पोचल्या. पैकी एक खोलीतल्या मित्रांनी माझ्या देखत फस्त केली.

निघताना तुम्ही विचारलंत, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर तू नेमकं काय टांगून ठेवलंस? मी घाईत काहीतरी बोललो. फोनवर सांगायचं तर बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी तीस वर्षं काढून तुमचे कान गेलेले, आणि मी इथे ओरडलो तर घरमालक धावत येतो. म्हणून लिहूनच सांगतो.

त्या पेटीला स्विच म्हणतात. ऑफिसचे संगणक आणि कारखान्यातले आठ कॅमेरे, सगळ्यांच्या वायरी तिच्यातच येतात. पण आतून मी तिचे दोन भाग केले आहेत. तुमच्या शेजारच्या घरात कसं, छप्पर एक आणि दोन भावांच्या चुली दोन, तसं. एका चुलीवरचं दुसरीवर जात नाही. आमच्या धंद्यात याला व्हीलॅन म्हणतात. कॅमेऱ्यांचा पसारा ऑफिसच्या कामात लुडबुडत नाही, आणि ऑफिसात बसलेल्या कुणाला कॅमेरे दिसत नाहीत. ते फक्त सेक्रेटरींच्या खोलीतल्या एका संगणकावर दिसतात आणि तिथेच पंधरा दिवसांचं चित्रण साठतं. कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडे कुणी बसल्या जागी टक लावून बघू नये, असं गणपतकाका म्हणाले होते. मला ते पटलं.

दोन दिवस ते शिडी धरून उभे राहिले. त्यांना आणि त्यांच्या आईला माझा नमस्कार सांगा. आनंदीबाईंनी बांधून दिलेल्या सुक्या बांगड्यांचा वास बॅगेतून अजून गेलेला नाही.

वायरींवर नंबरांच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या. गाडी चुकली असती. दिवाळीत आलो की लावतो.

तुमचा,
दत्ता


जामसंडे
२० जून २००८

चि. दत्तप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा डबा खाताना गणपतला वाचून दाखवलं. मी वाचायला लागलो की अर्ध्या बंदराला ऐकू जातं, त्यामुळे बर्फाच्या लाद्या उचलणारे गडीही येऊन बसले. गणपत म्हणाला, "आमका शाळेत असो मास्तर गावलो असतो तर मी कोल्डाची चावी घेऊन कित्याक फिरलंय असतंय?" शीतगृहाला तो कोल्ड म्हणतो. एकतीस वर्षं त्याची चावी त्याच्या कमरेला आहे. आम्ही दोघे एकाच दिवशी सोसायटीत लागलो आणि तेव्हापासून एकाच डब्यात हात घालतो. आनंदीबाईंना आता ऐंशी होतील, पण मासळी बाजारातली जागा त्यांनी सोडलेली नाही आणि मुलाच्या डब्यात माझ्या वाटणीचं माशाचं तिकलं घालायचंही सोडलेलं नाही.

माझ्या टाळक्यात जे शिरलं ते असं. कॅमेऱ्याची वायर ती कॅमेऱ्याच्या चुलीची, ऑफिसची वायर ती ऑफिसच्या चुलीची. बरोबर ना? चुकत असेन तर सांग, पण म्हाताऱ्याला हसू नकोस.

नर्मदाकाकू विचारते, पोरगी बघायची की नाही? उत्तर तिला वेगळं लिही.

तुझा काका,
सत्यवान


पुणे
३ जुलै २००८

ती. काकांस,

पत्र मिळालं. अगदी बरोबर समजलात, तसंच आहे. कामाचा डोंगर आहे म्हणून हे कार्ड. काकूला सांगा, इतक्यात नको.

दत्ता


जामसंडे
१५ ऑक्टोबर २००८

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

दसरा नेहमीसारखा झाला. खंडेनवमीला कारखाना बंद ठेवून सगळी यंत्रं धुतली-पुसली, हे तुला ठाऊकच आहे. पाने, हातोडे, वजनकाटा, कॉम्प्रेसर, कशाला म्हणून पूजेशिवाय ठेवलं नाही. या वर्षी तुझ्या पेटीचाही मान. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर मिठाचा थर आला होता. ती अशी लख्ख पुसली की तू ओळखणार नाहीस. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. सगळे हिरवे दिवे लुकलुकले तेव्हा गणपत म्हणाला, "देव पावलो." तो ताट धरून होता, मी बाकीचं केलं.

दिवाळीला ये. फराळ तुझ्या वाटणीचा करणार आहे, आला नाहीस तर मलाच खावा लागेल आणि डॉक्टर ओरडतील.

तुझा काका


पुणे
२५ ऑक्टोबर २००८

ती. काकांस सा. नमस्कार.

स्विचला हळदकुंकू! ऑफिसात सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं, सगळे खूश. पाणी लावलं नसेल अशी आशा आहे. दिवाळीची रजा नामंजूर झाली, त्यामुळे फराळाचं तुम्हीच बघा.

दत्ता


जामसंडे
१९ नोव्हेंबर २००८

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

हे पत्र वाईट बातमीचं आहे. शीतगृहातून मोठ्या कोळंबीची सहा खोकी नाहीशी झाली. गेल्या मंगळवारी व्यापाऱ्याचा टेम्पो आला तेव्हा कळलं. कुलूप शाबूत आणि चावी गणपतकडे, तेव्हा बोट कुणाकडे जाणार?

गणपत घाबरला नाही. कमिटीसमोर म्हणाला, "कॅमेरो आसा मा दारावर? बघा. मी घेतलंय आसतंय तर दिसतलंय." सेक्रेटरी रविराजने संगणक लावला. आठातले चार चौकोन काळे, त्यातलाच एक शीतगृहाच्या दाराचा. पंधरा दिवसांत त्या दाराचं एकही चित्र नाही. रविराज रोज ते बघत नव्हता आणि दुसऱ्या कुणाला बघता येत नव्हतं.

मग शहाणे लोक बोलायला लागले. शिडी कोणी धरली होती? पेटीची माहिती कोणाला होती? गणपतच्या तोंडचं पाणी मी पहिल्यांदा पळालेलं बघितलं.

रविराज तुला लिहिणार आहे. बाबा, अशी यंत्रं आपोआप बिघडतात ना? खारा वारा आहे, उंदीर आहेत. तसं असेल तर तसं लिही. एकतीस वर्षांत त्या माणसाने घरी बर्फाचा खडासुद्धा नेलेला नाही.

तुझा काका


पुणे
२७ नोव्हेंबर २००८

ती. काकांस सा. नमस्कार.

रविराजभाऊंचं पत्र आलं. दाराचा तीन नंबरचा कॅमेरा आत्ता पेटीच्या कुठल्या भोकात आहे ते त्यांनी मोजून कळवलं होतं. माझ्या वहीत तो पंधरा नंबरला आहे आणि तिथे तो अकरात आहे. पहिली बारा भोकं ऑफिसची, पुढची बारा कॅमेऱ्यांची. वायर कुठली आहे याला काही अर्थ नसतो, ती कुठल्या भोकात आहे यावर सगळं असतं. ऑफिसच्या भोकात घातलेला कॅमेरा चालू राहतो, दिवाही हिरवा लागतो, पण रेकॉर्डिंगपर्यंत चित्र पोचत नाही.

त्यांनी विचारलं होतं, असं आपोआप होऊ शकतं का? मी लिहिलं, नाही. उंदीर वायर कुरतडेल, उपटून दुसरीकडे लावणार नाही. कुणीतरी हाताने केल्याशिवाय हे होणार नाही. सोसायटीचा शिक्का असलेलं पत्र होतं काका, खोटं कसं लिहू? गणपतकाकांबद्दल मलाही विश्वास बसत नाही. पण माणसाचं काय सांगावं?

दत्ता


पुणे
२ फेब्रुवारी २००९

ती. काकांस सा. नमस्कार.

दोन महिने झाले, तुमचं पत्र नाही. फोन केला तर काकू म्हणते, बरे आहेत पण जेवण कमी झालंय. माझ्यावर रागावलात का? गणपतकाकांचं पुढे काय झालं तेही कुणी नीट सांगत नाही.

दत्ता


जामसंडे
१० फेब्रुवारी २००९

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही. लिहायला बसलो की हात चालत नाही.

तू रविराजला लिहिलेलं पत्र कमिटीत मोठ्याने वाचलं. "कुणीतरी हाताने" हे शब्द रविराजने दोनदा वाचले. पोलिसांत गेले नाहीत, जुना माणूस म्हणून. चावी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. हे पोलिसांपेक्षा वाईट. बाजारात आनंदीबाईंच्या पुढ्यात बसून बायका कोळंबीवरून बोलतात, "घरात सुंगटां शिजली आसतली." त्या महिनाभर तरी बसल्या, मग त्यांनी जागा सोडली.

गणपतने देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ती वायर हलवली आसात, तेका तुझ्या पायाकडे घेऊन ये." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही गर्दीत होतो. मीही म्हणालो.

गणपत आईला आणि बायकोला घेऊन विजयदुर्गला मेव्हण्याकडे गेला. त्याच्या होडीवर जातो. साठीला आलेला माणूस, जन्मात कधी जाळं ओढलं नव्हतं. मी डबा एकटा खातो, म्हणजे उघडतो.

तुझा काका


पुणे
६ सप्टेंबर २००९

ती. काकांस सा. नमस्कार.

गणपतीला घरी होतो तेव्हा हे बोलायला हवं होतं. पाच दिवस तुमच्यासमोर बसून मोदक खाल्ले आणि तोंड उघडलं नाही. तुम्हीही माझ्या नजरेला नजर दिली नाहीत.

तिसऱ्या दिवशी रविराजभाऊंनी पेटी नीट करायला बोलावलं. गेल्या नोव्हेंबरपासून भीतीने तिला कुणी हात लावला नव्हता. मी झाकण काढलं आणि बघतच राहिलो. मी वायरी लावल्या होत्या एक ते आठ, मग पुढच्या संगणकांसाठी नऊ ते बारा ही चार भोकं रिकामी, आणि तेरापासून पुढे आठ कॅमेरे आणि शेवटी सेक्रेटरींचा चित्रण साठवणारा संगणक. आता एक ते सतरा, ओळीने, एकही जागा न सोडता. म्हणून पहिले चार कॅमेरे ऑफिसच्या चुलीत गेले आणि उरलेले चार नीट राहिले. प्रत्येक वायर सारखी वळवून सुतळीने बांधलेली. दाराचं चित्र बंद करायचं असतं तर चोराने एक वायर उपटली असती. त्याने सतरा वायरी काढून, पुसून, नीटनेटक्या परत लावल्या नसत्या. भोकांच्या कडेला हळद होती, काका.

इथे येऊन तुमचं दसऱ्याचं पत्र काढलं. ते माझ्याकडेच होतं. मी ते ऑफिसात हसत वाचून दाखवलं होतं. त्याच्या आधीचं तुमचं जूनचं पत्रही काढलं. तुम्ही सरळ विचारलं होतंत, चूल वायरीची ना? आणि मी न वाचल्यासारखं वाचून लिहिलं, अगदी बरोबर. चिठ्ठ्या मी लावल्या नाहीत. सोसायटीला उत्तर देताना, हाताने कुणी केलं असेल, हा विचार मी केला नाही. जेवढं विचारलं तेवढंच लिहिलं आणि खरं लिहिल्याचा अभिमान बाळगला. मला स्वतःची लाज वाटते.

तुम्हाला कधी कळलं, एवढंच सांगा.

दत्ता


जामसंडे
१४ सप्टेंबर २००९

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं. "वायर कुठली याला अर्थ नाही" हे वाक्य वाचलं आणि मी खाटेवर बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. त्याआधी माझ्या मनात पापही नव्हतं. चूल वायरीत आहे अशीच माझी समजूत, मग कुठल्याही भोकात घातली तरी काय बिघडतं? मधली चार भोकं दात पडल्यासारखी दिसत होती, ते मला बघवलं नाही. पान्यांची रांगसुद्धा वाकडी चालत नाही मला, तू ओळखतोस.

दुसऱ्या दिवशी कमिटी होती. सांगायचं ठरवून गेलो होतो. तुझं पत्र वाचलं, गणपत माझ्याकडे बघत होता. मी म्हणणार तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, असला माणूस एक दिवस कामावर ठेवता कामा नये. माझी नोकरी दीड वर्ष राहिली होती. तेहतीस वर्षं होऊन हार घालून घ्यायचा होता मला. मी खाली बघितलं. ऐकू येत नाही म्हणून माणसं मला फार विचारत नाहीत, त्याचा मी त्या दिवशी फायदा घेतला.

मग एक दिवस गेला की दुसरा जड होतो. आज सांगितलं तर लोक म्हणतील, काल का नाही? देवळात म्हणालो तेव्हा जीभ झडायला हवी होती.

आता ऐक. आनंदीबाई श्रावणात वारल्या, विजयदुर्गला. मला दहाव्या दिवशी कळलं. मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो?

तू सांग काय करू. तू लहान आहेस तरी विचारतो.

तुझा काका


पुणे
२१ सप्टेंबर २००९

ती. काकांस,

मी आजच सोसायटीला पत्र टाकलं आहे. माझं उत्तर अर्धवट होतं, हे काम चोरी करणाऱ्याचं दिसत नाही आणि चिठ्ठ्या न लावल्याची चूक माझी, असं लिहिलं. तुमचं नाव घातलेलं नाही. ते तुम्हीच सांगा. आधी सोसायटीला आणि मग गणपतकाकांना. फोन किंवा पत्र नको. जाऊन सांगा.

दत्ता


जामसंडे
१२ नोव्हेंबर २००९

चि. दत्तप्रसाद यास आशीर्वाद.

गेलो होतो. दोन्हीकडे.

कमिटीत उभा राहून सांगितलं. वाटलं होतं हाकलून देतील. रविराज म्हणाला, "जाऊ द्या काका, चूक कोणाकडूनही होते." मला जाऊ दिलं दत्ता, जे त्याला दिलं नाही. सहा खोकी कोणी नेली ते आता कधीच कळायचं नाही, त्या दिवसांचं चित्रच नाही. पण गणपतवरचा ठपका काढल्याचा ठराव झाला आणि त्याला परत घेण्याचं पत्र मी स्वतःच मागून घेतलं. ते घेऊन परवा विजयदुर्गची एसटी धरली.

तो घरापुढच्या खळ्यात जाळं दुरुस्त करत बसला होता. बोटं सुजलेली. मला बघून म्हणाला, "बस." मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, खंडेनवमीपासून कमिटीपर्यंत. माझा आवाज मोठा, शेजारची माणसं दारात आली. येऊ दिली. सांगून झाल्यावर पत्र पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. जाळं बाजूला ठेवून माझ्याजवळ आला आणि मला ऐकू जाईल असं कानाशी बोलला, "माका म्हायत होता. पूजेचा ताट माझ्याच हातात होता मा. तू वायरी काढलस, पुसलस, लावलस, सगळा माझ्यासमोर झाला."

मी विचारलं, "मगे कमिटीत बोललस नाय कित्याक?"

"तू बोलतलस म्हणान," तो म्हणाला. "बाजूकच तर बसलेलस."

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. मी म्हटलं, गणपत, सोमवारपासून ये, चावी तुझीच आहे. तो म्हणाला, येणार नाही. रागाने नाही म्हणाला. होडीवर जातो म्हणून सांगावं तसं साधं बोलला. मग थोड्या वेळाने पुन्हा माझ्या कानाशी येऊन आईचं बोलला.

"आवस रोज इचारी, सत्यवान काय म्हणता? तेचो सबूद लोक आयकतत, तो काय म्हणता? मी तिका सांगी, आज ना उद्या सांगतलो. मरासर तेच सांगी होतंय."

एवढं बोलून तो जाळ्याकडे गेला. मी पत्र त्याच्या बायकोजवळ दिलं आणि साडेचारच्या एसटीने परत आलो. माझ्या निवृत्तीला सात महिने आहेत. हार नको म्हणून ऑफिसात लिहून दिलं आहे.

तुझा काका,
सत्यवान